फ्रीजचा कोड वाचताना कूलरकडेही बघा

एप्रिल लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. "भाऊ, फ्रीजवर काहीतरी अक्षरं येऊन रायले, आन् थंड तं होऊनच नाई रायलं." पलीकडून बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात: गॅस गेला असेल, नाहीतर बोर्ड, म्हणजे फ्रीज चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, उडालं असेल. दोन्ही दुरुस्त्या महागाच्या. पण ती अक्षरं, म्हणजे कोड, यांपैकी एकही गोष्ट क्वचितच सांगत असतो.

घरगुती फ्रीजमध्ये गॅसचा दाब मोजणारं काही बसवलेलंच नसतं. गॅस बंद नळ्यांतून फिरतो आणि तो वापरून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. बोर्डाला कळतात त्या गोष्टी मोजक्याच: दोन-तीन सेन्सरचा विद्युत रोध, पंख्याचे फेरे, कॉम्प्रेसर ओढतो तो करंट, दार उघडं की बंद, आणि एखाद्या कामाला लागलेला वेळ. यातला एखादा आकडा अपेक्षेबाहेर गेला की बोर्ड कोड दाखवतं. एलजीच्या अनेक मॉडेलवर 'ईआर एफएफ' येतं, त्याचा अर्थ फ्रीजरचा पंखा हवा तसा फिरत नाही, एवढाच. पाती बर्फात अडकली, उंदराने वायर कुरतडली की मोटर जळाली, हे बोर्डाला माहीत नसतं. प्रत्येक कंपनीचे, कधीकधी प्रत्येक मॉडेलचे कोड वेगळे असतात, म्हणून शेजाऱ्याच्या फ्रीजचा अर्थ आपल्याला लावू नये. सॅमसंगच्या काही फ्रीजवर 'ओएफ ओएफ' दिसतं, तो तर बिघाडच नव्हे. दुकानात मांडून ठेवण्यासाठीचा तो मोड असतो: दिवे लागतात, थंडावा मात्र येत नाही.

गावाकडच्या बऱ्याच घरांत एका दाराचा साधा फ्रीज असतो. त्याला आकडे-अक्षरं दाखवणारी पट्टी नसते, कोडही नसतो. इथून पुढचं बरंचसं फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे आतला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजबद्दल आहे.

सेन्सरचा कोड आला की लोक थेट सेन्सर बदलतात. हा सेन्सर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर. तापमान उतरलं की त्याचा रोध वाढतो. बोर्ड त्याच्यासोबत एक ठरलेला रोध जोडून मधल्या सांध्यावरचा व्होल्टेज बघतं आणि त्यावरून तापमान ठरवतं. वायर तुटली तर रोध अनंत होतो. दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर शून्य. फ्रीजमध्ये असं तापमान असूच शकत नाही, म्हणून कोड येतो. खरी गोची वेगळीच आहे. पावसाळ्यात जोडणीच्या क्लिपमध्ये ओल गेली की रोध थोडासाच कमी दिसतो. बोर्डाला वाटतं, आत अजून गरम आहे. कॉम्प्रेसर चालतच राहतो आणि खालच्या कप्प्यातला पालक गोठून काळा पडतो. कोड येत नाही, कारण तो आकडा बोर्डाच्या दृष्टीने शक्यतेतला असतो. अशक्य आकडा बोर्ड पकडतं, पटण्यासारखा चुकीचा आकडा त्याच्या हाती लागत नाही.

हा सेन्सर घरी तपासता येतो, फक्त प्लग आधी काढायचा. हाताशी येणारा सेन्सर असेल तर त्याची क्लिप सोडवा. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन सेन्सरचं टोक त्यात बुडवा, क्लिप मात्र कोरडी ठेवा. चार-पाच मिनिटांनी रोध मोजायला क्लिपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. २५ अंशांला १० हजार ओहमचा सेन्सर असेल तर ० अंशाला साधारण ३२ ते ३३ हजार ओहम दिसायला हवेत. काही फ्रीजमध्ये २५ अंशांला ५ हजार ओहमचा सेन्सर असतो, त्याचा आकडा त्या मानाने कमी येईल. आकडा बरोबर आला तर सेन्सर निर्दोष आहे, दोष वायरीत किंवा क्लिपमध्ये शोधा. अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकाला शंका येईल, आमच्या खाऱ्या पाण्याचा बर्फ चालेल का? चालेल. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मीठ असलं तरी गोठणबिंदू जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाने उतरतो. मीटरवर तो फरक जाणवणारही नाही.

विदर्भात खरा घोळ होतो तो बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या पाठीमागच्या पत्र्याआड थंड नळ्या असतात. त्यांवर हवेतली वाफ गोठते आणि ती घालवायला अधूनमधून एक हीटर लागतो. हीटर, त्याचा फ्यूज किंवा तिथला सेन्सर बिघडला की बर्फ साचत जातो, हवेची वाट बुजते आणि पंखा अडकतो. वर आइस्क्रीम घट्ट आणि खाली दूध नासलेलं, असं दिसलं की नव्वद टक्के हेच समजावं, हा माझा अंदाज.

पण हीटर धडधाकट असूनही बर्फ साचू शकतो, आणि इथे कूलर येतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम वाफ असते. कूलरने खोली ३० अंशांवर आणली आणि आर्द्रता ८० टक्के झाली, तर तेवढ्याच हवेत २४ ग्रॅम वाफ भरते. म्हणजे फ्रीजचं दार उघडल्यावर अडीचपट पाणी आत शिरतं. घरात पाहुणे, मुलांना सुट्ट्या, दर पाच मिनिटांनी थंड पाण्याची बाटली, त्यात दाराचं रबर सैल. हीटरच्या ठरलेल्या पाळ्या या बर्फाला पुऱ्या पडत नाहीत. म्हणून कूलर बंद करावा का? मुळीच नाही. खोली थंड राहिली तर फ्रीजलाही सोपं जातं. फक्त कूलरचा झोत फ्रीजच्या दारावर येऊ देऊ नका आणि रबर तपासा. दाराच्या फटीत कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर गेलं.

साचलेला बर्फ काढायला फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण दिवस जाऊ द्या. खाली जुनं धोतर नाहीतर पोतं अंथरा. विळा किंवा पेचकस बर्फाला लावायचा नाही, नळीला भोक पडलं की फ्रीज भंगारातच. नंतर महिनाभर ठीक चाललं तर दोष ओलीचा होता. आठवड्यात पुन्हा तेच झालं तर हीटरच्या बाजूला बघायला हवं.

उन्हाचा हिशेब तर सरळ आहे. फ्रीजवरच्या स्टिकरवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. त्यातला सगळ्यात तापट 'टी' वर्ग १६ ते ४३ अंशांसाठी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि टिनाच्या खोलीत त्याहूनही चढतो. बाहेर ३२ आणि आत ४ असताना २८ अंशांचा फरक. बाहेर ४६ झाले की ४२. आत शिरणारी उष्णता दीडपट होते, आणि ती बाहेर टाकायची तीही अधिक तापलेल्या हवेत. अशा दुपारी पट्टीवर जास्त तापमानाचा इशारा आला तर आधी बिघाड धरू नका, संध्याकाळी पुन्हा बघा. पिण्याचं पाणी शक्य तेवढं माठातलंच प्या. कोरड्या हवेत माठ उत्तम चालतो, फ्रीजचा भारही वाचतो.

नव्या फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या गरम नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्यांत असतात, म्हणून ते पत्रे हाताला गरम लागतात. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस फ्रीजला टेकला की ती उष्णता कोंडते. कापसासोबत उंदीर येतात आणि उंदरांना वायरी आवडतात. पंख्याचा किंवा सेन्सरचा कोड आला की मागे टॉर्च मारून आधी तेच बघावं.

व्होल्टेजचं काय? रात्री पंप सुरू झाले की गावात लाइन डाऊन होते. साध्या कॉम्प्रेसरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० चे १७० झाले की ती जेमतेम ५५ टक्के उरते. कॉम्प्रेसर गुरगुरतो, 'टक' आवाज होतो आणि संरक्षक स्विच करंट तोडतो. इन्व्हर्टर फ्रीज, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे, कमी व्होल्टेज जास्त सोसतात, पण डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटला तर घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतो. तेव्हा मात्र बोर्ड खरंच उडतं. काही बल्ब फटफटीत आणि काही मंद दिसले की मेन स्विच पाडा, फ्रीजचा विचार नंतर.

कोड आला की प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मग लावा. एवढ्या वेळात नळ्यांतला दाब सारखा होतो, कॉम्प्रेसरला उचल घेणं सोपं जातं. लाइनच्या झटक्याने आलेला कोड जातो, खरा बिघाड परत येतो. मागचा बोर्ड उघडायचा नाही. त्यावरच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. नळ्यांचं काम निघालंच तर कॉम्प्रेसरजवळचा स्टिकर वाचा. 'आर ६००ए' लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा गॅस. मिस्त्रीला सांगा, नळीचं डागकाम स्वयंपाकघरात नको, फ्रीज अंगणात काढा.