पार्श्वभूमी: जुन्या गाडीचं अस्सलपण ठरवायचं कशावरून?

जुन्या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’ असं लिहिलं की किंमत चढते. कारखान्यातून निघताना बसवलेलं इंजिन आजही त्याच गाडीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. या दोन शब्दांना एवढा भाव आला, त्यात शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या नादिष्ट मंडळींचा मोठा वाटा आहे.

१९६०च्या दशकात कॉर्व्हेट घेणाऱ्याला इंजिनच्या नंबरशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी पळवायची, इंजिन निकामी झालं की दुसरं टाकायचं. कॉर्व्हेटची ‘एल ८८’ ही आवृत्ती तर शर्यतीसाठीच काढलेली. १९६७ ते १९६९ मध्ये मिळून तिच्या २१६ गाड्या बनल्या, त्यातल्या पहिल्या वर्षी जेमतेम २०. तेव्हा तिच्यात हीटरसुद्धा देत नसत. ज्यांनी ती जशी वापरायची तशी वापरली, त्यांची मूळ इंजिनं शर्यतीतच खर्ची पडली. आज मूळ इंजिनासाठी जास्तीचे पैसे मोजले जातात, ते या उधळपट्टीमुळेच. १९६७ची एक एल ८८ जानेवारी २०१४ मध्ये ३८.५ लाख डॉलरला विकली गेली.

१९७४ मध्ये ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ ही जुन्या कॉर्व्हेट मूळ रूपात आणणाऱ्यांची संस्था स्थापन झाली आणि गाड्यांच्या परीक्षणाला शिस्त आली. बोल्टच्या डोक्यावरची खूण, नळीची क्लिप, रंगाचा फवारा कुठवर उडालाय, सगळं गुणांत मोजलं जाऊ लागलं. सर्वोच्च श्रेणीला ९४ टक्के लागतात.

खरी झटापट मात्र इंजिनावरच्या एका छोट्या सपाट जागेवर होते. उजवीकडच्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकवर म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, दोन नोंदी पंच केलेल्या असतात: इंजिन जोडल्याची तारीख व प्रकाराचा कोड, आणि कारखान्याने गाडीला दिलेल्या नंबरातले शेवटचे आकडे. ब्लॉकवर ओतकामाची तारीख वेगळी असते. आधी ओतकाम, मग इंजिनजोडणी, मग गाडी, हा क्रम उलटा दिसला तर पुढे बोलायलाच नको.

पैसा दिसल्यावर नंबर घासून नवे ठोकणारेही आले. त्यांना पकडायला जाणकार त्या जागेवरच्या बारीक समांतर रेषा पाहू लागले. ब्लॉकचा माथा ब्रोचिंग मशीनवर, म्हणजे धातू तासणाऱ्या यंत्रावर, सपाट करताना या रेषा उमटतात, घासल्या की जातात. मग त्या रेषाही बनवून देणारे निघाले! म्हणून कागदाला महत्त्व आलं. १९६७ पासून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला गाडीच्या तपशिलांचा कागद अनेक गाड्यांत सापडतो, अर्थात नक्कल त्याचीही होते.

विकत घेणाऱ्यांची गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. सोसायटीचे परीक्षक पाहतात की भाग कारखान्यातल्यासारखा दिसतो का. तो त्याच गाडीचा आहे, अशी हमी ते देत नाहीत. बरोबर भाग आणि मूळ भाग यांत फरक आहे आणि विक्रेता तो आपणहून क्वचितच सांगतो.

पुढे वाऱ्याची दिशा बदलली. झगमगीत नूतनीकरणापेक्षा हात न लावलेली गाडी मोठी ठरू लागली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला मिळाला. तिथे जतन वर्गातली, म्हणजे नूतनीकरण न केलेली, गाडी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ.

या सगळ्या मोजमापांना छेद देणारा निकाल लंडनच्या न्यायालयात १९९० मध्ये लागला. १९२९ आणि १९३० ची फ्रान्समधली ल मान्स शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं होतं. ही ती गाडीच नव्हे, म्हणून खरेदीदार मागे हटला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे आलेल्या पुराव्यानुसार १९३० च्या रूपातले पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टीअरिंग कॉलम एवढेच भाग उरले होते. तरीही त्यांनी गाडी अस्सल ठरवली. तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. मला हा निकाल पटतो, पण सुट्या भागांच्या बाजारात तो लावू गेलं तर गोंधळ माजेल.

आपल्याकडे केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. वय ५० वर्षांहून जास्त, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. या अटीवर ‘ओल्ड नंबर वन’ला आरटीओच्या दारातूनच परत जावं लागलं असतं.