सागाची वलयं आणि मुळाशी उरलेली ओल

लाकडाच्या वखारीत नुकताच कापलेला सागाचा ओंडका दिसला, तर त्याच्या तोंडावर ओलं फडकं फिरवून बघा. एरवी सपाट तपकिरी वाटणाऱ्या लाकडात एकात एक बसलेली वलयं उठून दिसू लागतात. अजून जवळ जा. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला टाचणीने टोचल्यासारख्या मोठ्या छिद्रांची रांग असते, मग छिद्रं बारीक होत जातात. ही मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्यांची तोंडं. उन्हाळाभर निष्पर्ण उभा राहिलेला साग पावसाच्या तोंडावर पालवतो तेव्हा आधी रुंद नळ्या घडवतो आणि पाऊस सरत आला की बारीक. एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत एक वर्ष. काही वर्षं करंगळीच्या नखाएवढी रुंद, काही जेमतेम दोऱ्याएवढी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ही वलयं कित्येक वर्षं मोजली जात आहेत. त्यासाठी उभं झाड पाडायची गरज नसते. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढता येते. 1983 मध्ये या संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं ठाणे परिसरातल्या सागावरचं काम प्रसिद्ध झालं. पुढे केरळातल्या सागांवरून त्यांनी 1481 ते 2003 अशी सलग 523 वर्षांची मालिका जुळवली. तिच्यातली अनेक अरुंद वलयं एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या, आणि मोसमी पाऊस दगा दिल्याच्या वर्षांशी जुळतात.

पाऊस कमी तर वाढ कमी, हे कुणीही सांगेल. मला जास्त मोलाचं वाटतं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या सागावरचं 2011 चं काम. नुसता पाऊस किंवा नुसतं तापमान यांच्यापेक्षा मुळांच्या पट्ट्यात किती ओल आहे, याच्याशी तिथल्या वलयांचं नातं अधिक घट्ट निघालं. किती मिलिमीटर पडला यापेक्षा किती मुरला आणि किती दिवस टिकला, हा झाडाच्या दृष्टीने खरा हिशेब. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पेरणीआधी तोही मूठभर माती दाबून ओलच बघतो.

सालीच्या आतल्या बाजूला जिवंत पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. झाडाचा घेर वाढतो तो याच थरामुळे. नवी पेशी तयार झाली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती फुग्यासारखी ताणली जाते आणि मग तिची भिंत पक्की होते. ओल कमी पडली की हा दाबच उतरतो. पानं अजून अन्न तयार करत असतात, पण खोडाची वाढ थांबलेली असते. दुष्काळात झाडाची वाढ आधी थांबते, उपासमार नंतर सुरू होते. टंचाई आणखी वाढली तर पानांवरची रंध्रं मिटतात. त्यानेही भागलं नाही, तर नळ्यांमधला पाण्याचा ताणलेला धागा तुटतो आणि तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. अशी नळी बहुधा पुन्हा कामाला येत नाही. म्हणून पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी झाड लगेच सावरेल असं नाही. जगभरातल्या वलयांच्या नोंदी पाहता तीव्र दुष्काळानंतर वाढ एक ते चार वर्षं मंद राहते.

आता हवामानबदलाकडे येऊ. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. अशी तहानलेली हवा पानांतून आणि मातीतून जास्त पाणी ओढते. पाऊस पडण्याची रीतही बदलली आहे. पुण्याच्या याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एका दिवसात कोसळलेला पाऊस नाल्याला लागतो, मुळांपर्यंत थोडाच पोचतो. पावसाची सरासरी कागदावर तशीच राहील आणि साग मात्र तहानलेला असेल, हे सहज घडू शकतं.

वणव्याचा संबंधही याच ओलीशी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटपतात. वाळक्या पाल्यात ती नजरेला पडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली जाते. तेंदूला कोवळी पानं भरपूर फुटावीत म्हणूनही आग लावली जाते. विझली असं वाटलेली आग वाऱ्यावर पुढे सरकते. आपल्याकडचे बहुतेक वणवे असे जमिनीलगत, पालापाचोळ्यावर चालणारे असतात, शेंड्यापर्यंत चढत नाहीत. मोठा साग त्यातून बहुधा वाचतो. वाढीचा तो पातळ थर साधारण 60 अंशांना मरतो, पण वर जाड सालीचं चिलखत असतं. साल दुप्पट जाड असेल तर उष्णता आत पोचायला चौपट वेळ लागतो आणि तोवर आग पुढे गेलेली असते.

म्हणूनच वणव्यानंतर महिन्याभराने जंगल पाहणाऱ्याला वाटतं, फारसं काही बिघडलं नाही. पण पाचोळा गेलेला असतो. पहिल्या पावसाचे टपोरे थेंब तोच पाचोळा झेलतो, पाणी हळूहळू मुरू देतो आणि मातीवर सावली धरतो. तो राख झाला की उघडी जमीन तापते, पाणी वरच्या वर वाहून जातं. दुष्काळ आभाळातून येतो आणि वणवा जमिनीवरून, पण दोघेही मारतात ती ओलच.

2025 मध्ये उष्ण कटिबंधातल्या 483 ठिकाणच्या वलयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिकोरड्या वर्षांत खोडाची वाढ सरासरी अवघी अडीच टक्के घटली, असं त्यात दिसलं. उष्ण आणि कोरड्या भागांत घट जास्त होती. ही बातमी दिलासा देणारी आहे, पण मी ती जरा जपूनच वाचतो. गिरमिट लावता येतं ते मोठ्या झालेल्या झाडाला. ज्याला खोडच धरता आलं नाही, त्याचं वलय कुठून मिळणार?

सागाचं रोप वणव्यात जमिनीपर्यंत जळतं, पण मूळ जिवंत राहतं आणि पावसात पुन्हा कोंब काढतं. पुढच्या एप्रिलमध्ये तो कोंबही जळतो. अशा रोपाभोवतीची माती उकरली तर वर करंगळीएवढी काडी आणि खाली अंगठ्याहून जाड मूळ सापडतं. लहान वाटणारं ते रोप वयाने बरंच मोठं असतं. त्याला हवी असतात आगीशिवायची लागोपाठ काही वर्षं, तेवढ्यात साल जाड होते. काही गावांत मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी बांधून फुलं वरच्या वर झेलायला सुरुवात झाली आहे. तिथे पाला जाळायची वेळच येत नाही, आणि जून उजाडतो तेव्हा मागच्या वर्षीचा कोंब जागेवर असतो.