तोफा पुढे, विमाने मागे : ‘टोने’ क्रूझरची रचना आणि युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या ‘टोने’ या जड क्रूझरचे, म्हणजे मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौकेचे, छायाचित्र पहिल्यांदा पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते, कारण तिचे चारही जोडतोफांचे मनोरे नाळेकडच्या अर्ध्या भागात दाटीने उभे आहेत आणि पिछाडीचा सारा भाग मोकळा आहे. ही मोकळी जागा सागरी विमानांसाठी होती आणि तिच्यातच या जहाजाच्या रचनेचे मर्म आहे.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला १०,००० टनांची आणि २०३ मिलिमीटर व्यासाच्या तोफांची मर्यादा घातली, तर १९३० च्या लंडन कराराने जड क्रूझरांच्या संख्येवरही बंधन आणले. त्यामुळे १९३४ च्या डिसेंबरात नागासाकीला बांधणी सुरू झाली तेव्हा १५५ मिलिमीटर तोफांची हलकी क्रूझर असाच तिचा आराखडा होता. पुढे जपान करारांतून बाहेर पडला आणि १९३८ साली ती २०३ मिलिमीटरच्या आठ तोफा घेऊन नौदलात दाखल झाली.

तोफा एकत्र ठेवल्याने दारूगोळ्याची कोठारे जवळजवळ आली आणि जाड चिलखत थोड्या लांबीत पुरले. दुसरा लाभ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तोफ सुटताना उसळणारा हवेचा दाब जवळच्या हलक्या विमानाची मोडतोड करू शकतो, आणि तोफांपासून दूर पिछाडीला ठेवलेली पाच-सहा विमाने त्यापासून बचावत. मात्र थेट मागे मारा करता येत नसे, ही किंमत मोजावी लागली.

ही विमाने कॅटापल्टने हवेत फेकली जात आणि परतल्यावर समुद्रात उतरली की यारीने वर उचलून घेतली जात. टेहळणी क्रूझरांनी करावी आणि विमानवाहू नौकांची विमाने हल्ल्यासाठी राखून ठेवावीत, असे जपानी नौदलाचे धोरण होते. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबोच्या नैर्ऋत्येला ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर ‘टोने’च्याच विमानाला दिसल्या व त्याच दिवशी त्या बुडाल्या.

४ जून १९४२ रोजी पॅसिफिकमधील मिडवे या अमेरिकी बेटाजवळच्या लढाईत तिचे ४ क्रमांकाचे टेहळणी विमान पहाटे साडेचारऐवजी पाच वाजता निघाले. ‘बहुधा शत्रूची दहा जहाजे’ हा त्याचा संदेश ७ वाजून २८ मिनिटांचा होता. त्यांत विमानवाहू नौका असल्याचे त्याने कळवले ते सुमारे ८ वाजून २० मिनिटांनी. तोवर बेटावरील दुसऱ्या हल्ल्यासाठी विमानांवरचे जहाजांविरुद्धचे पाणतीर उतरवून बॉम्ब चढवण्याचा हुकूम सुटला होता. निघताना झालेल्या या अर्ध्या तासाच्या उशिरामुळे जपान ही लढाई हरला, असे अनेकदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. ते विमान आखलेल्या मार्गाने गेले नव्हते, म्हणूनच त्याला अमेरिकी ताफा दिसला, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. उलट भगिनी क्रूझर ‘चिकुमा’चे वेळेवर निघालेले विमान त्याच भागावरून गेले आणि ढगांमुळे त्याला काही दिसले नाही. विरळ शोधजाळे हा खरा दोष होता.

या जहाजाच्या कारकिर्दीतील एक घटना मात्र रचनेच्या कौतुकाआड लपवता येणार नाही. ९ मार्च १९४४ रोजी मुंबईकडे निघालेले ‘बेहार’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ‘टोने’ने हिंदी महासागरात तोफांनी बुडवले आणि १०० हून अधिक जणांना वर घेतले. काहींना बटाव्हियात (आजच्या जकार्तात) उतरवण्यात आले, पण उरलेल्या बहुसंख्य निःशस्त्र बंद्यांना नंतर जहाजावरच ठार मारण्यात आले. कॅप्टन मायुझुमी यांनी वरिष्ठांकडे त्यांच्या जिवासाठी रदबदली केली, ती नाकारली गेली तेव्हा आज्ञा पाळली. युद्धानंतर त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. हुकूम देणाऱ्या ॲडमिरल साकोंजू यांना फाशी झाली.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समधील सामार बेटाजवळच्या लढाईत ‘चिकुमा’ बुडाली. ‘टोने’ परतली, पण जुलै १९४५ मध्ये जपानच्या कुरे बंदराजवळच्या एताजिमा बेटालगत अमेरिकी विमानांच्या हल्ल्यांत ती उथळ पाण्यात तळाला टेकली. युद्धानंतर तिला वर काढून भंगारात तोडण्यात आले.