भुईआवळीचा अर्क आणि वुडचकचे यकृत

पावसाळ्यात बांधावर आणि अंगणात आपोआप उगवणारी भुईआवळी महाराष्ट्रात काविळीवर पूर्वापार दिली जाते. मात्र दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस एची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत औषधाविनाही ओसरते, त्यामुळे केवळ गुण आल्याच्या अनुभवावरून या वनस्पतीला श्रेय देता येत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वेगळा आहे. तो जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळाला, तर बहुधा आयुष्यभर यकृतात ठाण मांडतो आणि पुढे सिरोसिस (यकृतात कायमचे व्रण पडून ते कडक होणे) किंवा कर्करोग घडवू शकतो.

या विषाणूच्या शोधाशी निगडित कामासाठी १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले बारूक ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी व्यंकटेश्वरन व मिलमन यांनी भुईआवळीच्या पाण्यातील अर्काची परीक्षा घेतली. परीक्षानळीत त्या अर्काने विषाणूच्या डीएनएची प्रत बनवणाऱ्या डीएनए पॉलिमरेज या विकराला (एन्झाइमला) रोखले. परंतु वनस्पतींतील टॅनिने ही तुरट रसायने अनेक प्रथिनांना सरसकट चिकटतात, म्हणून अशा निकालावर एकट्याने फार भिस्त ठेवू नये. मानवी विषाणू उंदरांत वाढत नाही. त्यामुळे त्यांनी वुडचक हा उत्तर अमेरिकेतील, बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी निवडला. त्याला हिपॅटायटिस बीच्या जवळच्या नात्यातील स्वतःचा विषाणू होतो आणि दीर्घकाळ बाधित राहिलेल्या वुडचकना यकृताचा कर्करोगही होतो.

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल बारकाईने वाचण्याजोगे आहेत. नुकतीच बाधा झालेल्या चार प्राण्यांना अर्क दिला असता त्यांपैकी तिघांच्या रक्तातून विषाणूच्या खुणा तीन ते सहा आठवड्यांत नाहीशा झाल्या, तर अर्क न दिलेल्या तिघांमध्ये त्या टिकून राहिल्या. गाजला तो हा भाग. त्याच लेखातील दुसरा निकाल मात्र फारसा कोणी सांगत नाही: दीर्घकाळ बाधित असलेल्या पाच प्राण्यांवर सुमारे सहा महिने उपचार करूनही केवळ दोघांच्या रक्तातील विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे प्रमाण लक्षणीय घटले. नवी बाधा शरीर स्वतःच अनेकदा परतवते, आणि तीन-चार प्राण्यांच्या गटात असा योगायोग वगळणे अवघड असते; औषधाची खरी गरज तर जुन्या बाधेलाच असते. शिवाय गुण दिसलेल्या त्या प्राण्यांना अर्क पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने दिला होता. काढा पिणाऱ्याच्या शरीरात मात्र तेच घटक आतड्यातून आणि यकृतातून जाताना मोडतात, बदलतात किंवा शोषलेच जात नाहीत, हा फरक जाहिरातींत कधी आढळत नाही.

पुढच्याच वर्षी चेन्नईतील संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये दीर्घकालीन वाहकांवरील (म्हणजे हा विषाणू दीर्घकाळ शरीरात बाळगणाऱ्यांवरील) चाचणी प्रसिद्ध केली: महिनाभर भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून पृष्ठभागावरील प्रथिन गेले, तर खोटे औषध घेतलेल्या २३ जणांपैकी केवळ एकाच्या. इतका मोठा परिणाम आजची प्रस्थापित औषधेही एका महिन्यात देत नाहीत, आणि माझ्या मते हीच गोष्ट शंका घेण्यास पुरेशी होती. थायलंडमधील चाचणीत तसा परिणाम आढळला नाही. बदकांनाही याच घराण्यातील विषाणू होतो; त्यांच्यावरील प्रयोगांत अर्काने विषाणू हटवल्याचे दिसून आले नाही. या विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात वर्तुळाकार रूपात दडून राहतो, त्यामुळे केवळ पॉलिमरेज रोखून भागत नाही, ही अडचण टेनोफोविर आणि एन्टेकॅव्हिर या परिणामकारक औषधांनाही भेडसावते. म्हणूनच ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

गोंधळाचे आणखी एक कारण वनस्पतीच्या ओळखीत होते. फायलँथस निरूरी या शास्त्रीय नावाने नोंदलेली भारतीय भुईआवळीची झाडे प्रत्यक्षात फायलँथस अमारस या वेगळ्या जातीची असल्याचे पुढे मानले गेले, आणि एकाच जातीतील घटकांचे प्रमाणही जमीन, हंगाम व वाळवण्याच्या पद्धतीनुसार बदलते. त्यामुळे अर्कातील मोजता येण्याजोगा घटक ठरवून प्रत्येक खेपेत तो तपासला नसेल, तर दोन प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करण्यास आधारच उरत नाही.