वहिनींचे नागलीचे पापड आणि विसरण्याचं गणित

आमच्या वहिनी नाशिकच्या सिडकोत घरूनच नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणि काळा मसाला करून विकतात, आठ वर्षं झाली आता, आणि माल असा की एकदा नेलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. तरी गेल्या फेब्रुवारीत एका लग्नात गंगापूर रोडच्या जुन्या गिऱ्हाईक बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "अहो तुम्ही बंद केलं ना? मी मग दुसरीकडून घेतले पापड." वहिनींचं तोंडच उतरलं. बंद कशाला करतील, त्याच आठवड्यात पेठहून नागलीचं पोतं येऊन पडलं होतं घरात.

घरी आल्यावर त्यांचं पेज उघडून बघितलं. दिवाळीच्या आठवड्यात १४ पोस्ट, दिवसाला दोन, आणि त्यानंतर काहीच नाही. सगळ्यात वर आकाशकंदिलाचा फोटो आणि "शुभ दीपावली". फेब्रुवारीत कुणी ते पेज उघडलं तर त्याने काय समजायचं?

नाशिकमधे बेदाणेवाले, मिसळ मसालेवाले, येवल्याच्या पैठणीवाले, असे कितीतरी छोटे धंदे मी बघतो ज्यांचं हेच होतं, सणाला धडाका आणि मग शांतता. हा आळस नाहीये, ही माणसं पहाटे पाचला उठणारी आहेत. फक्त गिऱ्हाइकाचं डोकं आठवण कशी ठेवतं आणि कशी सोडतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि हे विज्ञान काही नवीन पण नाही, सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

हर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ होता. त्याने काहीच अर्थ नसलेले छोटे छोटे शब्द तयार केले, सुमारे २३००, आणि त्यांच्या याद्या स्वतःच पाठ करत बसला, मग काही वेळाने तीच यादी परत पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजलं. १८८५ मधे त्याने आकडे छापले. २० मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचत होता, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. म्हणजे विसरणं सुरुवातीला धाडकन होतं आणि मग हळूहळू होत राहतं. २०१५ मधे आम्सटरडॅमच्या संशोधकांनी हा प्रयोग परत करून बघितला तर आलेख जवळपास तसाच आला. आता पापड म्हणजे काही निरर्थक शब्द नाही, चव लक्षात राहते, त्यामुळे हेच टक्के वहिनींच्या गिऱ्हाइकाला लावू नका, पण उताराचा आकार लक्षात ठेवा.

एबिंगहाउसच्या प्रयोगातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. १२ शब्दांची एक यादी त्याने एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटली, आणि तशीच यादी तीन दिवसांत विभागून फक्त ३८ वेळा म्हटली, आणि दोन्हीचा परिणाम साधारण सारखाच निघाला. जवळपास निम्म्या कष्टात तेच काम! आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला हे समजवायला लागणार नाही, एकदम पाटाने पाणी सोडलं तर बरंचसं मुळांच्या खाली निघून जातं आणि ठिबकने कमी पाण्यात बाग जगते. वहिनींच्या दिवाळीतल्या १४ पोस्ट म्हणजे पाटाचं पाणी. आणि हे नुसतं माणसाचं नाही बरं का, एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींवर आयुष्यभर काम केलं, २००० साली त्यांना नोबेल मिळालं, तिथेही हेच दिसलं की अंतर ठेवून दिलेली शिकवण टिकते, पेशींमधे नवीन जोडण्या तयार होतात, आणि एका बैठकीत कोंबलेली तितकी टिकत नाही.

आता नुसतं आठवलं म्हणून माणूस विकत घेतो असं नाही, भरवसा पण लागतो. यावर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांचं काम वाचण्यासारखं आहे. १९६८ मधे त्यांनी मांडलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेला पडली तरी ती बरी वाटायला लागते. मग त्यांनी आणि एका सहकाऱ्याने अमेरिकेत मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या वृत्तपत्रांत छोट्या जाहिरातीसारख्या चौकटीत तुर्की वाटणारे अनोळखी शब्द छापले, काही खुलासा नाही, काही नाही, एखादा शब्द एकदाच, एखादा २५ वेळा. जो शब्द एका पेपरात जास्त वेळा तो दुसऱ्यात कमी वेळा. नंतर विद्यार्थ्यांना विचारलं यातला कोणता शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो, तर त्यांच्या पेपरात जो जास्त वेळा आला होता तोच चांगला वाटला. अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

बुधवारच्या बाजारात गोदाकाठी नेहमी एकाच जागी बसणारी भाजीवाली आठवा. तिचं नाव आपल्याला माहीत नसतं, पण मेथी तिच्याकडूनच घेतो. आणि तीन बुधवार ती दिसली नाही की चौथ्या बुधवारी आपण सरळ शेजारच्या टोपलीकडे वळतो, मनात राग वगैरे काही नसतो.

मोबाईलमधला हिशोब पण याला धरूनच चालतो. लोक म्हणतात पोस्ट नाही टाकली की अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारं गणित, शिक्षा करतो, तसं रागवायला तो काही माणूस नाही. २०१० मधे फेसबुकच्या लोकांनी सांगितलं होतं की फीडमधे काय वर येणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, बघणाऱ्याचं आणि टाकणाऱ्याचं नातं किती जवळचं, पोस्टवर काय प्रकारचा प्रतिसाद आला, आणि पोस्ट किती जुनी झाली. आज ते गणित खूप गुंतागुंतीचं झालंय, इन्स्टाग्रामनेही २०१६ पासून नुसता वेळेचा क्रम सोडला, पण या तीन गोष्टी अजून महत्त्वाच्या आहेत. यातलं "नातं" म्हणजे काय, तर तुम्ही आधी कुणाच्या पोस्टवर थांबलात, लाईक केलं, मेसेज केला. चार महिने पोस्टच नसेल तर गिऱ्हाईक थांबणार कशावर?

पण म्हणून रोज तोच फोटो टाकायचा नाही. नाशिकरोडला रुळाजवळ राहणाऱ्या माणसाला विचारा रात्री किती गाड्या गेल्या, तो म्हणेल आवाजच येत नाही. तीच गोष्ट तशीच परत परत आली की मेंदू तिला बाजूला टाकतो. झायोंक यांच्यानंतरच्या दोनशेहून जास्त प्रयोगांचा १९८९ मधे एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही हेच दिसलं की एकच गोष्ट सलग दाखवण्यापेक्षा इतर गोष्टींमधे मिसळून दाखवली तर परिणाम जास्त होतो. तेव्हा नाव तेच, चेहरा तोच, पण आतली गोष्ट वेगळी.

वहिनींचं आम्ही फार काही केलं नाही. आठवड्यातून दोनच, बुधवार आणि शनिवार. एकदा नागली निवडताना, एकदा उकड लाटताना, एकदा मसाल्याच्या मिरच्या भाजताना, त्यात त्यांना ठसका लागलेला पण तसाच ठेवला. व्हॉट्सअॅपचं एक मात्र नीट समजून घ्यावं लागलं. ब्रॉडकास्ट लिस्टमधे २५६ लोक बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, आणि स्टेटस २४ तासांत जातं. वहिनींना वाटायचं आपण दोनशे जणांना कळवलं. त्या आता पिशवी देतानाच म्हणतात, "ताई, माझा नंबर सेव्ह करून घ्या हं."

परवा पाऊस लागून राहिला होता, वाळवण बंद, विकायला काहीच नाही, तर म्हणाल्या, "भाऊजी, आज बुधवार आहे आणि टाकायला काही नाही." मग त्यांनी ओल्या गच्चीचाच फोटो टाकला, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि खाली लिहिलं, ऊन पडलं की सुरू करते. संध्याकाळपर्यंत सात-आठ जणींचे मेसेज आले होते. गंगापूर रोडच्या बाईंचा पण होता, "पडलं की कळवा, दोन किलो माझे."