जीन्सचा नंबर ३४ आहे म्हणून किल्टची कंबर ३४ टाकू नका

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या कुणाला तिथल्या मित्राच्या लग्नात किल्ट (तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख) घालायचा असेल तर सहसा तो भाड्यानेच आणतात, दुकानवाला स्वतः टेप लावतो, विषय संपला. पण हौसेने स्वतःचा शिवायला टाकायचा, तोही घरबसल्या मापं पाठवून, म्हटलं की फॉर्मवर पहिलाच रकाना येतो कंबर, आणि तिथे भलेभले जीन्सचा नंबर टाकून मोकळे होतात.

हे दोन आकडे एकच वाटतात पण अजिबात नाहीत. जीन्स आपण घालतो बेंबीच्या चांगली खाली, कमरेच्या हाडांवर टेकवून, आणि त्यात लेबलवर ३४ लिहिलेल्या जीन्सचा पट्टा घरी टेपने मोजून बघा, बऱ्याच ब्रँड्सचा ३५ नाहीतर ३६ भरतो, गिऱ्हाइकाला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम सैल ठेवलेला असतो. रॅकवरून पॅन्ट उचलायला तो नंबर ठीक आहे. किल्ट मात्र बसतो बेंबीच्या लेव्हलला, कधी बोटभर वर, आणि पारंपरिक किल्टचं कापड त्याच्याही वर साधारण २ इंच जातं. ज्याचं पोट थोडं सुटलंय त्याची जीन्स पोटाखाली असते, त्यामुळे ३४ वाल्याची किल्टची कंबर ३७-३८ निघाली तरी दचकू नका, टेप बरोबर आहे.

एवढी बोंब कशाला, ढिला-घट्ट करून घेऊ की नंतर, असं वाटेल. पण पूर्ण मापाच्या किल्टला ८ यार्ड कापड लागतं, म्हणजे सव्वासात मीटरच्या वर. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर आणि बाकी सगळं कापड मागे प्लीट्समध्ये (धोतराच्या निऱ्या पुढे, याच्या मागे). प्रत्येक प्लीट सीटपाशी (नितंबांपाशी) रुंद आणि कमरेकडे निमुळती करत हाताने शिवलेली असते, कंबर आणि सीटमधला फरक असा थोडा थोडा सगळ्या प्लीट्समध्ये वाटून टाकलेला असतो. पॅन्टला मागच्या शिवणीत मार्जिन असतं, कोपऱ्यावरचा टेलरही उसवून इंच-दीड इंच सोडून देतो. किल्टचे पट्टे-बकल सरकवून थोडंफार जमतं, त्यापुढे मात्र सगळ्या प्लीट्स उसवायच्या. आणि जीन्सच्या नंबरावर शिवलेला किल्ट बेंबीवर बंदच होत नाही, मग माणूस तो खाली ओढून कमरेच्या हाडांवर घालतो, शिवलेला निमुळता भाग भलत्या जागी येतो, खालची कड गुडघ्याखाली लोंबते आणि मागच्या प्लीट्स फाकतात. इतक्या महागाच्या लोकरी कापडाची ही दशा बघवत नाही.

माप घ्यायचं ते पातळ टीशर्टवर. एका बाजूला वाका, जिथे कमरेला घडी पडते तिथे दोरी बांधा आणि मग ती जागेवरून हलू देऊ नका, पुढची सगळी मापं तिच्यावरूनच. टेप जमिनीला समांतर ठेवून दोरीवरून फिरवा, श्वास नेहमीसारखा, पोट आत घ्यायचं नाही (हे सांगूनही सगळे घेतातच). घरात सुताराचा स्टीलचा टेप असेल तर तो इथे कामाचा नाही, न ताणली जाणारी दोरी गुंडाळा आणि ती पट्टीवर मोजा. कापडी टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात, मध्येच उलटला तर भलताच आकडा निघतो.

सीटचं माप घेताना पाय जुळवून उभं राहायचं, खिसे रिकामे, आणि नितंबांचा सगळ्यात रुंद भाग जिथे येतो तिथून टेप. पाय फाकवले तर आकडा बदलतो. हे माप कमी पडलं तर मागे प्लीट्स सरळ पडतच नाहीत, म्हणून माझ्या मते कंबरेपेक्षा इथे जास्त लक्ष द्या. दोरीपासून त्या रुंद जागेपर्यंतचं उभं अंतरही लिहून ठेवा, चांगला किल्टवाला ते विचारतो. पोट कंबरेपेक्षाही पुढे असेल तर लाजायचं नाही, पोटाचं माप वेगळं कळवायचं.

उंचीच्या बाबतीत पॅन्टची सवय सोडूनच द्या. पॅन्टची उंची घोट्यापर्यंत आणि जास्त झाली तर दुमडता येते, किल्टला खाली दुमड नसतेच, कापडाची मूळ काठच कड म्हणून वापरतात. लांबवायला आत काही नसतं आणि कापून आखूड केला तर ती काठच जाते. माप दोरीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, उभं राहून, नजर समोर. स्वतः वाकून टेप बघितला की दोरीही खाली सरकते आणि आकडा चुकतो, त्यामुळे इथे दुसरं माणूस लागतंच. आणि ऑर्डरच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा, तुम्ही उंची बेंबीपासून धरता की वरच्या कडेपासून, कारण कंबरेच्या वर जाणारे ते २ इंच कुणी मोजतं, कुणी नाही.