पाय, लघवी आणि विसर: डोक्यातल्या पाण्याची अर्धवट मोजदाद

"आबांचा पाय उचलंना झालाय." सांगली-मिरजेकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि त्याला जोडून लगेच उत्तरही येतं, "वय झालं आता." वर्षभरानं आबांना लघवी धरवेनाशी होते. मग सकाळचं सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही. पाय दुखतोय समजून गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेतात, लघवीचं प्रोस्टेटवर ढकलतात आणि विसराळूपणाला "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतात. या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या असू शकतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

त्या आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मेंदूच्या आत पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव खेळत असतो. हाच द्रव मेंदूभोवती आणि मणक्यातही असतो. एका वेळी तो सगळा मिळून साधारण १५० मिलिलिटर भरतो, पण दिवसाकाठी तयार होतो जवळजवळ अर्धा लिटर. म्हणजे जुना द्रव सतत शोषला जायला हवा. उतारवयात काहींच्या बाबतीत हा निचरा बिघडतो, पोकळ्या फुगतात आणि आजूबाजूचे तंतू ताणले जातात. तरी मणक्यात सुई घालून दाब मोजला, तर तो सर्वसाधारणच भरतो. नाव पडलं ते यावरून.

ही गोष्ट पहिल्यांदा कोड्यासारखी समोर आली १९५७ मध्ये, कोलंबियातल्या बोगोटा शहरात. वाहन अपघातात जखमी झालेला सोळा वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेनंतरही शुद्धीवर येईना. मेंदूच्या पोकळ्या मोठ्या दिसत होत्या, पण दाब नॉर्मल. सालोमोन हकीम या न्यूरोसर्जननी तपासणीसाठी त्याच्या मणक्यातून १५ मिलिलिटर पाणी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बोलू लागला. दाब नॉर्मल असताना पाणी काढून फरक का पडावा? हकीम हा प्रश्न सोडायला तयार नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स यांच्यासोबतचे शोधनिबंध जगापुढे आले. स्मृतिभ्रंशासारखा दिसणारा, पण उपचार होऊ शकणारा आजार असतो, ही त्या काळी फार मोठी बातमी होती.

पण असे रुग्ण किती? इथेच घोळ झाला, आणि मला वाटतं तो अजून निस्तरलेला नाही. तेव्हा पोकळ्या पाहायच्या तर मणक्यातून हवा भरून एक्स-रे काढावा लागे. ते फार वेदनादायक होतं, त्यामुळे धडधाकट माणसाची तपासणी कोण करणार? १९७१ मध्ये पहिला सीटी स्कॅन झाला आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांची मोजणी शक्य झाली. तरी एक अडचण उरलीच. वयानं मेंदू आकसला तरी पोकळ्या मोठ्याच दिसतात. त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून मोजलं तर आकडा फुगतो आणि फक्त दवाखान्यात आलेले मोजले तर तो आखडतो.

नॉर्वेतल्या एका जिल्ह्याच्या पाहणीत, २००८ मध्ये, लाख लोकसंख्येमागे सुमारे २२ रुग्ण निघाले. हा आकडा वाचून आजार दुर्मीळ वाटतो. पण त्या लाखात तान्ही बाळंही आली! सत्तर ते एकोणऐंशी वयाचे तेवढे वेगळे काढले तर तिथेच लाखामागे १८० च्या घरात. स्वीडनमध्ये, गोटेनबर्गच्या २०१४ च्या अभ्यासात, सत्तरीतल्यांत ०.२ टक्के आणि ऐंशी ओलांडलेल्यांत तब्बल ५.९ टक्के लोकांत हा आजार असण्याची दाट शक्यता दिसली. जपानच्या गावपातळीवरच्या पाहण्यांत साठी-पासष्टीपुढच्यांत अर्ध्या टक्क्यापासून जवळपास तीन टक्क्यांपर्यंत आकडे आले. परदेशचे हे आकडे सांगलीला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. पण आपल्या गावात ऐंशीपुढचे शंभर जण असतील, तर चार-पाच आबा-आजींना हा त्रास असणं अशक्य नाही.

मिरजेला दवाखान्यांची जुनी परंपरा आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि कर्नाटकातूनही रुग्ण इथे येत राहिले. उणीव आहे ती तीन तक्रारी एकाच वेळी, एकाच डॉक्टरला सांगण्याची. संशय आला तर पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि आधी-नंतरची चाल घड्याळ लावून पाहतात. पाठीतल्या सुईची आपल्याकडे फार धास्ती आहे, पण ही चाचणी बरंच सांगून जाते. फरक पडला तर शंट नावाची बारीक नळी बसवून जास्तीचं पाणी पोटात सोडतात. २०२५ मध्ये ९९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, शंट बसवलेला पण बंद ठेवलेल्यांपेक्षा तो चालू असलेल्यांचा चालण्याचा वेग स्पष्टपणे वाढला. संसर्ग, रक्तस्राव, नळी तुंबणं हे धोके आहेतच. सगळ्यांत आधी चाल सुधारते, विसर मात्र सर्वांत कमी हटतो, म्हणून उशीर महागात पडतो.

आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, जवळच्यांची नावं वा घरचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आहेत. दोन धागे तिथेच हाती येतात. तिसरा, लघवीचा, आबा लाजेनं कुणाला सांगत नाहीत. तो रोज सकाळी चादर धुणाऱ्या सुनेला विचारावा लागतो.